पट्टा पाठीवर चढतो, खांद्यात वळ पडतात: मोठ्या कपच्या ब्राचं माप कुठे चुकतं आणि काय करायचं

मी अमळनेरला ब्लाउज शिवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, लग्नसराईतल्या वरमाया, नोकरीला जाणाऱ्या मुली, सगळ्यांच्या तक्रारी साधारण एकाच वळणाच्या असतात. ब्लाउज मागून वर उचलला जातो. काखेत दाटतो. समोर टक्सचं टोक जागेवर बसत नाही. "खांदा भलता दुखतस माय," असं तर कितीतरी जणी माप देता देता बोलून जातात. आतली ब्रा बघितली की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. ज्यांची छाती भरलेली आहे त्यांच्या बाबतीत तर जवळजवळ नेहमीच. दुकानातून नवी आणली तरी चार महिन्यांत पुन्हा तेच, म्हणून शेवटी बाई स्वतःच्या अंगाला दोष देते. अंगात काही दोष नसतो. आकडा चुकलेला असतो, आणि तो कसा चुकतो हे एकदा कळलं की दुरुस्त करता येतो.

आकडा चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे आपल्याला पाठ असलेलं ब्लाउजचं माप. ब्लाउजची छाती मोजताना टेप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून जाते. ब्रावरचा आकडा मात्र छातीच्या खालचा, बरगड्यांचा घेर सांगतो. ज्या बाईचा ब्लाउज ४० चा आहे ती होजिअरीच्या दुकानात जाऊन "४० द्या" म्हणते. काउंटरपलीकडे बहुधा पुरुष असतो, तो पुढे काही विचारत नाही, हिलाही विचारायला नको असतं. कागदात गुंडाळलेली ४० बी पिशवीत पडते आणि ती घरी येते. मोजायला जावं तर तिच्या बरगड्यांचा घेर ३२ निघतो.

आता माप. घरी टेप असेलच. नसेल तर सुतळीने घेर घेऊन ती पट्टीवर मोजा. पहिलं माप छातीच्या अगदी खाली, घडीला लागून. टेप पाठीवर आडवी सरळ राहिली पाहिजे, म्हणून आरशासमोर उभ्या राहा किंवा बहिणीला धरायला सांगा. श्वास सोडा आणि टेप अंगाला घट्ट लागेल इतकी ओढा. हे माप सैल घेतलं की पुढचं सगळं बिघडतं. दुसरं माप छातीच्या भरलेल्या भागावरून, सैलसर. भरलेली छाती उभं राहून मोजली की थोडी निसटते, त्यामुळे हे माप दोनदा घ्या: एकदा उभं राहून, एकदा कमरेतून वाकून पाठ आडवी करून. दोन्हींच्या मधला आकडा धरा. पॅडवाली ब्रा घालून मोजू नका.

खालचा घेर हा तुमचा नंबर. तो विषम आला तर जवळच्या सम आकड्याकडे जा. अंग मऊ असेल तर खालच्या, बरगड्या हाताला लागत असतील तर वरच्या. दोन मापांतला फरक हा तुमचा कप. इंग्लंडच्या पद्धतीत १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी, ५ ला डीडी, ६ ला ई, ७ ला एफ, ८ ला एफएफ, असं ते वाढत जातं.

वरच्याच बाईचं बघा. खाली ३२, वर ३९, फरक ७. ती ३२ एफ आहे. हे ऐकल्यावर बाई दचकतेच, कारण एफ म्हणजे काहीतरी अवाढव्य असा आपला समज. पण अक्षराला एकट्याने अर्थ नसतो. ३२ च्या एफमध्ये जेवढी जागा तेवढीच ३४ ईमध्ये, तेवढीच ३६ डीडीमध्ये, ३८ डीमध्ये आणि ४० सीमध्ये. नंबर एक पायरी वर गेला की कप एक अक्षर खाली उतरतो, आतली जागा तीच राहते. म्हणून तर ४० सी घातल्यावर तिला वाटतं, "बरोबर बसली की." कप भरलेला दिसतो. पाठीवरचा पट्टा मात्र तिच्या अंगापेक्षा चार पायऱ्या मोठा असतो. आणि दुकानात सहसा मिळते ती ४० बी, तिच्यात तर कपही एका अक्षराने कमी पडतो.

दुसरा एक चुकीचा हिशोब अजून फिरतो: खालच्या घेरात ४ मिळवा आणि मग फरक काढा. तसं केलं तर ३२ चे होतात ३६, वरच्या ३९ शी फरक उरतो ३, म्हणजे ३६ सी. तिला ३६ मध्ये डीडी लागतो, मिळतो सी. दोन अक्षरं कमी. वरून दोन्ही बाजूंना उसळलेली छाती आणि ब्लाउजमधून दिसणारी दुहेरी रेघ याच हिशोबाची देणगी. ज्या तक्त्यात ४ मिळवायला सांगितलंय तो तक्ता मोठ्या कपसाठी वापरू नका.

कपला ए, बी, सी, डी ही अक्षरं अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प अँड कंपनीने १९३२ मध्ये जोडली. तेव्हा चारच अक्षरं होती. पुढे ती वाढत गेली, पण तालुक्याच्या दुकानातल्या फळ्या अजून बी आणि सीवरच थांबल्यात. त्यामुळे डीच्या पुढचं अंग असलेल्या बाईला दुकानदार कप वाढवून देऊ शकत नाही, नंबर वाढवून देतो. तिथून सगळी दुखणी सुरू होतात.

पट्टा पाठीवर चढतो, खांद्यात वळ पडतात

ही दोन वेगळी दुखणी समजून बायका वेगवेगळे उपाय करतात. मूळ एकच आहे. छातीचा भार बहुतेक बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याने उचलायचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी फक्त कप जागेवर धरायचा. हंडा कमरेवर टेकला की हाताला ओढ कमी बसते, तसंच हे. पट्टा सैल असला की तो टेकतच नाही. समोरून छाती खाली जाते, मागून पट्टा खांद्याच्या पात्यांकडे चढतो. मग बाई खांद्याचे पट्टे आवळते, त्या ओढीने मागचा पट्टा आणखी वर जातो आणि सगळा भार खांद्यावर येतो. संध्याकाळी वळ, मानेत कळ, काहींचं डोकंही धरतं. रुंद पट्ट्याची ब्रा आणून वळ थोडे पसरट होतात, भार तिथेच राहतो.

आत्ता अंगावर असलेल्या ब्राची परीक्षा अशी करा. ती उलटी घाला, कप पाठीवर आणि हूक पुढे. आता फक्त पट्टा कळेल, कारण कपचा संबंध राहिला नाही. सगळ्यात बाहेरच्या हुकावर लावल्यावर पट्टा अंगाला घट्ट बसला पाहिजे आणि खाली दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत. मूठ जात असेल तर नंबर मोठा आहे.

नवी ब्रा घेताना ती बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर घट्ट बसणारी घ्या. इलास्टिक महिन्यामहिन्याने सैलावत जातं. तसतसं आतल्या हुकांवर सरकायचं, त्यासाठीच तर हुकांच्या रांगा असतात. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर लावावी लागली तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. मोठ्या कपला मागे तीन-चार हुकांची उभी रुंदी असलेली घ्या, दोन हुकांचा पट्टा गुंडाळला जातो.

पट्टा आवळतो, तार टोचते, म्हणून मोठा नंबर घेतला

इथे बाई सगळ्यात जास्त फसते. कप लहान पडला की छाती पट्ट्याची लांबी खाते. समोरचं कापड ताणलं जातं, मागचा पट्टा अपुरा पडल्यासारखा वाटतो आणि तो बरगडीत रुततो. वाटतं नंबर लहान झाला. ३६ सी रुतली म्हणून ३८ सी आणली जाते. तिच्यात कपची जागा एका अक्षराएवढी वाढते, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दोन महिन्यांत मागचा पट्टा पुन्हा वर चढतो. योग्य पाऊल होतं ३६ डी किंवा डीडी.

कप लहान असल्याच्या खुणा डोळ्यांनी दिसतात. दोन कपांच्या मधली पट्टी छातीच्या हाडावर टेकत नाही, अधांतरी राहते. तारेचं टोक काखेखाली बरगडीवर न बसता मऊ मांसावर बसतं. बोटाने दाबून बघा, खाली हाड लागलं पाहिजे. तार घडीत न राहता खाली सरकते. कापूस वेचताना किंवा धुणं धुताना दिवसभर वाकून काम असेल तर हीच तार पोटाच्या वरच्या भागात भोसकते. अशा बायका "मला तार चालतच नाही" म्हणतात. कप बरोबर असलेली तारेची ब्रा एकदा घालून बघा असं मी त्यांना सांगते. तरीही नको वाटली तर बिनतारेची, पण दोन-तीन तुकड्यांचा शिवलेला कप आणि बाजूला कापडाची आधारपट्टी असलेली घ्या. ओतीव फोमचा गुळगुळीत कप भरलेल्या छातीला सहसा नीट बसत नाही, त्याचा आकार ठरलेला असतो आणि अंग त्याच्यापुढे वाकत नाही.

ब्रा घातल्यावर थोडं पुढे वाका. उजव्या हाताने डाव्या काखेकडचं मांस हळूच पुढे ओढून कपात घ्या, मग दुसरी बाजू. काखेतली वळी म्हणून जी हिणवली जाते ती बऱ्याचदा कपाबाहेर राहिलेली छातीच असते. हे करून झाल्यावरच कप लहान की मोठा ते ठरवा, आधी नाही.

कप वरून मोकळा राहतो आणि खालून भरलेला, असंही होतं. बाळाला अंगावर पाजून झाल्यावर छातीचा वरचा भाग रिता होतो, त्या बाईला लहान कप देऊन काम होत नाही. तिला वरचा काठ लेसचा किंवा ताणणाऱ्या कापडाचा असलेला कप लागतो. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी सर्वसाधारण आहे. माप मोठ्या बाजूचं धरा आणि दुसऱ्या कपात पातळ पॅड सरकवा.

माप कळलं, पण आपल्याकडे मिळत नाही

जळगावला फुले मार्केटमध्ये, धुळ्याला, भुसावळला मोठ्या दुकानांत विचारलं तर डीपर्यंत मिळतं, क्वचित डीडी. नंदुरबारकडच्या बायका सुरतेला जातात तेव्हा तिथे थोडी जास्त निवड असते. कुठेही जाण्याआधी फोनवर नंबर आणि कप सांगून आहे का ते विचारा, नुसतं "मोठ्या साइजमध्ये आहे का" असं विचारू नका. तसं विचारलं की ४२ बी दाखवली जाते. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर "३४ ई, फुल कप, बिनपॅड" एवढं लिहून काउंटरवर ठेवा. दुकानात बाई कामाला असेल तिच्याशीच बोला. दोन-तीन जणी मिळून एकाच दुकानात ठरावीक कप मागायला लागल्या की दुकानदार पुढच्या फेरीत तो माल आणतो, कारण त्याला विकायचंच असतं.

बाकी आधार ऑनलाइन खरेदीचा. रिचा कर यांनी २०११ मध्ये बंगळूरहून झिवामे हे आतल्या कपड्यांचं ऑनलाइन दुकान सुरू केलं. काउंटरवर मोठ्याने माप सांगायला लागू नये, ही तालुक्यातल्या बाईची अडचण अशा खरेदीने बरीच सुटली. मात्र प्रत्येक ब्रँडचा तक्ता वेगळा. कुणी डीनंतर डीडी आणि मग ई धरतं, कुणी डीडी आणि ई एकच मानतं, अमेरिकन मालावर डीडीडी असतं. युरोपच्या पद्धतीत ७० म्हणजे आपला ३२, ७५ म्हणजे ३४, ८० म्हणजे ३६. म्हणून अक्षरावर न जाता तक्त्यात तुमचे दोन्ही इंच कुठे बसतात ते बघा. तुमचं माप आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन मागवा, एक परत करा. मागवण्याआधी बदलून मिळेल का ते वाचा, कारण आतले कपडे काही ठिकाणी परत घेत नाहीत. घरी आल्यावर लेबल न काढता पातळ बनियनवर घालून बघा: हात वर करा, वाका, दहा मिनिटं बसा.

नेमका आकडा कुठेच मिळाला नाही तर कप बरोबर धरा आणि पट्टा मोठा घ्या. कप कुणालाही वाढवून देता येत नाही, पट्टा मात्र शिलाईवाली लहान करून देते. ३२ एफ लागत असेल आणि ३४ ई मिळाली तर दोन्ही बाजूंनी सारखा, हुकाच्या जवळ आत घ्यायचा. एकूण २ इंचांपेक्षा जास्त घेऊ नका, कारण खांद्याचे पट्टे पाठीवर फार जवळ येतात. थोडे जवळ आले तर चांगलंच, खांद्यावरून घसरणारे पट्टे त्याने थांबतात. शिलाई झिगझॅगच हवी. साधी सरळ शिलाई ताणली की तुटते. उलट पट्टा किंचित घट्ट असेल तर हुकांचा जोडतुकडा शिवणसामानाच्या दुकानात मिळतो, तो नवी ब्रा सैलावेपर्यंत लावा.

छातीखाली लाल होतं, खाज सुटते

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, आणि तेव्हा हा त्रास घरोघर असतो. कप आधार देत नसला की छाती खालच्या कातडीला चिकटून राहते, घाम साचतो, कातडी घासते, त्यावर बुरशी धरते. माप सुधारलं की अर्धं काम होतं. बाकी असं: सुती अस्तराची ब्रा, दुपारी एकदा बदलायची, घडीखाली मलमलचा स्वच्छ तुकडा. पावडर जास्त टाकू नका, घामात तिचे गोळे होतात. चार-पाच दिवसांत उतरलं नाही किंवा चट्टे पसरले तर त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. आधी बरं वाटतं, मग चिवट होऊन परत येतं.

आणि वाळत घालण्याची एक गोष्ट मला फार लागते. परकराखाली किंवा जाड टॉवेलखाली, दोरीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसू नये म्हणून ब्रा वाळत घालतात. ती आतून ओलीच राहते, तशीच अंगावर चढते आणि खाज हटत नाही. वारा लागेल अशा सावलीत मोकळी घाला. घरात बोलणी होत असतील तर वरून पातळ ओढणी टाका, जाड काही नको. कडक उन्हात मात्र नको, इलास्टिक लवकर मरतं. हाताने गार पाण्यात धुवा, पिळू नका. एकच रोज घालू नका, निदान तीन आलटून पालटून वापरल्या तर इलास्टिकला विसावा मिळतो.

धावताना

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. सकाळी मैदानावर सराव करणाऱ्या काही मुली दोन-दोन ब्रा एकावर एक घालतात, कुणी ओढणी आवळून बांधते. श्वास कोंडतो आणि वेळ वाढतो. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर बरंच संशोधन झालंय. धावताना छाती वर-खाली, बाजूला आणि पुढे-मागे अशी तिन्ही दिशांना हलते हे तिथे मोजलं गेलंय. नुसती दाबून धरणारी, डोक्यातून घालायची ब्रा लहान कपला पुरते. भरलेल्या छातीला प्रत्येक बाजूला वेगळा कप असलेली, मागे हूक आणि पट्टे लहान-मोठे करता येणारी स्पोर्ट्स ब्रा लागते. नंबर आणि कप सांगूनच घ्या, एम-एल-एक्सएल अशा मापात घेऊ नका. मुलीच्या बुटांवर खर्च करणाऱ्या आयांना मी सांगते, हीसुद्धा धावण्याचीच वस्तू आहे.

माप बरोबर असूनही मान-पाठीचं दुखणं महिनोन्महिने हटत नसेल तर डॉक्टरांशी बोला. छातीचा भार शस्त्रक्रियेने कमी करता येतो, तो उपाय चैनीचा नाही. गाठ, स्तनाग्रातून स्राव, कातडीला खळगा किंवा एकाच बाजूचं सततचं दुखणं असेल तर ब्रा बदलत बसू नका, लगेच दाखवा. तारेच्या किंवा काळ्या ब्रामुळे कर्करोग होतो हे मात्र खरं नाही.

आता नवी, बरोबर मापाची ब्रा आली की जुने ब्लाउज बिघडल्यासारखे वाटतील, आधीच सांगून ठेवते. छाती इंच-दीड इंच वर येते, त्यामुळे टक्सची टोकं आणि कटोरीचा फुगा खाली पडतो, समोर रिकामं कापड लोंबतं. ब्लाउज टाकून देऊ नका. आत माया, म्हणजे शिलाईतलं जास्तीचं कापड, सोडलेली असेल तर टक्स उसवून वर घेता येतात. कटोरीच्या ब्लाउजला खांद्याच्या शिलाईतून अर्धा-पाऊण इंच उचललं तरी फरक पडतो, फक्त मुंढा तेवढाच खोल करून घ्यावा लागतो. नव्या ब्लाउजचं माप नवी ब्रा घालूनच द्या. माझ्याकडे येताना जुना ब्लाउज मापाला आणला असेल तर तो कुठल्या ब्रावर शिवला होता तेही सांगा.